कोणी नेत नसलेला गाण्यांचा आणि चित्रपटांचा संग्रह: काढायचा की वाजवायचा?

एका सार्वजनिक ग्रंथालयात नुकत्याच रुजू झालेल्या ग्रंथपालांनी विचारलं आहे: ‘आमच्याकडे एक कपाट आणि चार खोकी भरून कॅसेट, जुन्या तबकड्या, सीडी, डीव्हीडी, थोड्या व्हिडिओ कॅसेट आणि फिल्मची तीन रिळं आहेत. गेल्या वर्षभरात त्यातलं काहीतरी सभासदांनी नेलं असं जेमतेम बारा-पंधरा वेळा झालं. समिती म्हणते, आता सगळं नेटवर आहे, तेव्हा हे सगळं काढून जागा मोकळी करा आणि त्याऐवजी दर महिन्याला एक चित्रपट आणि एक गाण्याचा कार्यक्रम सुरू करा. संग्रह काढावा का? आणि कार्यक्रमांची सुरुवात कुठून करावी?’

मी एका ग्रंथालयाचा दृक्‌श्राव्य विभाग बावीस वर्षं सांभाळला आहे. तेवढ्या काळात हाच प्रश्न माझ्यापुढे तीनदा आला. कॅसेट मागे पडल्या तेव्हा, मग सीडी मागे पडल्या तेव्हा, आणि शेवटी सगळं फोनवर आलं तेव्हा. पहिल्या वेळी मी चुकले. कॅसेट न ऐकताच निर्लेखनाच्या, म्हणजे कायमच्या बाद करायच्या, यादीत घातल्या आणि त्यांच्याबरोबर आमच्याच सभागृहात झालेल्या दोन मैफलींचं एकमेव ध्वनिमुद्रण गेलं. ते आता जगात कुठेच नाही. त्याची खंत अजून आहे, म्हणून उत्तर जरा लांबण लावून लिहिते आहे.

समितीने संग्रह आणि कार्यक्रम यांतलं एक निवडा असं म्हटलं आहे. मला वाटतं, खरी अडचण या मांडणीतच आहे. पुस्तक कपाटातून काढलं की लगेच वाचता येतं. कॅसेट, तबकडी, डिस्क यांना वाजवणारं यंत्र लागतं, आणि ते यंत्रच आता घराघरातून गेलं आहे. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची खाचसुद्धा नसते. त्यामुळे तुमच्या देवघेवीच्या आकड्यातून लोकांना ही गाणी नको आहेत असं सिद्ध होत नाही. त्यांच्याकडे ती वाजवायची सोय नाही, एवढंच कळतं. ती सोय ग्रंथालयाने केली, चांगल्या यंत्रावर, चांगल्या खोलीत, चार लोकांच्या सोबतीने, की तोच संग्रह पुन्हा चालू लागतो. मी कार्यक्रमाला संग्रहाचं जाहीर वाचन म्हणते. समितीला हवे असलेले कार्यक्रम जरूर करा, पण ते या खोक्यांतून करा.

काही गोष्टी मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. तुमच्याकडचा कॉपीराइट कायदा ग्रंथालयांना काय सवलत देतो, सभागृह स्वतंत्र आहे की वाचनकक्षातच खुर्च्या मांडायच्या आहेत, संध्याकाळी थांबायला माणसं किती, यावर बरंच अवलंबून आहे. आणि सगळ्यात जास्त अवलंबून आहे ते त्या चार खोक्यांत नेमकं काय आहे यावर. म्हणून पहिलं काम खोकी उघडण्याचं.

वस्तू कोणत्या प्रकारची आहे यावरून ढीग लावू नका. ती दुसरीकडे मिळते का, यावरून लावा. बाजारात आलेली आणि आजही सहज मिळणारी गाणी-चित्रपट एका बाजूला. बाजारात आलेली, पण पुन्हा कधी न निघालेली दुसऱ्या बाजूला. आणि तिसरा ढीग कोणीतरी स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या गोष्टींचा: ग्रंथालयाचे जुने कार्यक्रम, व्याख्यानं, मुलाखती, घरगुती मैफली. या तिसऱ्या ढिगाचं रूप सगळ्यात गबाळं असतं. वेष्टण नाही, पेनाने खरडलेली चिठ्ठी, कधी नुसती तारीख. निर्लेखन करताना हात आधी त्याच्याकडेच जातो. हात आवरा. पहिल्या ढिगातली खराब झालेली किंवा दुबार प्रत बिनदिक्कत बाद करा, तिच्यासाठी जागा अडवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या ढिगासाठी घाई करू नका. तिसऱ्यातलं काहीही ऐकल्याशिवाय हलवू नका.

ऐकायच्या आधी प्रत्येक कॅसेटला एक गोष्ट करायची. कॅसेटच्या वरच्या कडेला, म्हणजे जिथून फीत दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोन टोकांना दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही मोडून टाका. मग त्या कॅसेटवर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. सगळ्या कॅसेटना मिळून अर्धा दिवस पुरतो, आणि पुढचा मनस्ताप वाचतो. नंतर खालच्या उघड्या भागात बघा: फितीच्या मागे, मधोमध, नखाएवढा नमद्याचा तुकडा एका पातळ पितळी पट्टीवर बसवलेला असतो. जुन्या कॅसेटमध्ये तो बऱ्याचदा गळून पडलेला असतो, आणि मग आवाज दबका येतो किंवा येतच नाही. फीत खराब झाली असं समजून लोक ती फेकतात. स्क्रूने जोडलेली दुसरी साधी कॅसेट उघडून तिच्या डब्यात ही फीत बसवली की आवाज परत येतो. अशा कितीतरी कॅसेट मी वाचवल्या आहेत.

तबकड्यांमध्ये लाखेच्या आणि व्हिनाइलच्या वेगळ्या करा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले १९४८ साली आली. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही काही वर्षांतल्या, ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्या लाखेच्या असतात: जड, काचेसारख्या ठिसूळ. त्या कधीही अल्कोहोलने पुसू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि तबकडी कायमची जाते. दुसरी चूक सुईची. लाँग प्लेची सुई साधारण २५ मायक्रॉनची, तर ७८च्या तबकडीची खाच सुमारे ७५ मायक्रॉनची सुई मागते. बारीक सुई लावली की ती खाचेच्या तळाशी, जमलेल्या धुळीत घसटत राहते. लोक म्हणतात, ‘जुनं आहे, खरखर येणारच.’ योग्य सुई लावून तीच तबकडी वाजवली तेव्हा गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला, असं मी माझ्या खोलीत अनुभवलं आहे. शिवाय ७८ म्हणजे नेहमी ७८च असं नाही. सुरुवातीच्या काळात वेग कमी-जास्त असायचा. मिनिटाला पाच फेऱ्यांचा फरक पडला तरी सूर जवळपास एका अर्धस्वराने सरकतो. वेग बारीक बदलता येईल असा टर्नटेबल कुणाकडून उसना मिळाला तरी बघा. सगळ्या तबकड्या उभ्या ठेवा, सरळ, न कलंडलेल्या. एकावर एक रचलेल्या लाखेच्या तबकड्या स्वतःच्या वजनानेच तडकतात.

सीडीबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. सगळे चकचकीत बाजू जपतात आणि नाव छापलेल्या बाजूवर बिनधास्त चिकटपट्टी लावतात. सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, पातळ लाखरोगणाच्या आड असतो. खालची चीर घासून काढता येते, वरची चीर थेट माहितीवर जाते. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधोमध असल्यामुळे ती जरा सुरक्षित. म्हणून सीडीवर दाखल अंकाची (ग्रंथालयाने वस्तूला दिलेल्या क्रमांकाची) चिठ्ठी चिकटवू नका, मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या पेनाने लिहा. घरी किंवा दुकानात ‘लिहिलेल्या’ सीडी कारखान्यात छापलेल्या सीडीपेक्षा लवकर जातात, कारण त्यांच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उजेडाने, उष्णतेने उडतो. तिसऱ्या ढिगात अशा सीडी असतील तर त्यांची नक्कल कॅसेटच्याही आधी करा.

व्हिडिओ कॅसेटच्या बाबतीत वेळ थोडा उरला आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं. २०१९ साली युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए यांनी चुंबकीय फितींबद्दल जगभर इशारा दिला होता, की २०२५च्या आसपास या फिती नेहमीच्या पद्धतीने वाजवणं कठीण होत जाईल. तेव्हा त्या फितींपैकी एकमेव असलेल्या निवडा आणि चालू स्थितीतलं यंत्र असणाऱ्या माणसाला गाठा. आवाजाची नक्कल करताना आयएएसएची शिफारस २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्‌झ, शक्यतो ९६, अशी आहे, आणि ती न दाबलेल्या, म्हणजे आकार कमी न केलेल्या, वेव्ह फाइलमध्ये. ९६ला एका तासाचं स्टिरिओ ध्वनिमुद्रण सुमारे २ जीबी होतं. आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही. दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. ऐकवायला छोटी एमपी३ वेगळी करा. अनेक ठिकाणी नेमकं उलटं होतं: एमपी३ करून मूळ फीत टाकून देतात.

आता तालिका, म्हणजे संग्रहाची नोंदयादी. गाण्याचा संग्रह पुस्तकासारखा नोंदवला की तो सापडत नाही. माणूस ‘अमुक संग्रह, भाग २’ मागायला येत नाही. तो गाण्याची पहिली ओळ मागतो, किंवा ‘त्या चित्रपटातलं पावसातलं’ असं म्हणतो. आमच्याकडे नोंद तबकडीच्या नावाने होती आणि गाणी कुठेच नव्हती. दोन निवृत्त शिक्षक-सभासद आठवड्यातून दोन सकाळी येऊन बसले आणि प्रत्येक गाण्याची वेगळी ओळ तयार केली: मुखडा, अंतरा आठवत असेल तर तोही, गायक, संगीतकार, गीतकार, साथीला कोण, आणि कुठल्या दाखल अंकात किती मिनिटांवर. वर्ष लागलं. पण त्यानंतर काउंटरवरचा ‘नाही सापडत हो’ हा संवाद जवळजवळ बंद झाला, आणि कार्यक्रमासाठी विषय शोधायला मलाही तीच यादी कामाला आली.

कार्यक्रमाकडे वळण्याआधी परवानगीचं बोलते, कारण इथे चांगली चांगली ग्रंथालयं घसरतात. डिस्क विकत घेतली म्हणजे ती वस्तू तुमची झाली. चारचौघांसमोर दाखवण्याचा हक्क त्यात आपोआप येत नाही. ‘आम्ही तिकीट लावत नाही’ हे बऱ्याच देशांत पुरेसं कारण ठरत नाही. काही देशांत ग्रंथालयांना किंवा शिक्षणासाठी सूट असते, पण तिच्या अटी वाचूनच पाऊल टाका. घरगुती स्ट्रीमिंगचं खातं उघडून सभागृहात चित्रपट लावणं तर सहसा त्या सेवेच्या अटींतच बसत नाही. गाण्यात हक्कांचे थर आणखी: शब्द, चाल, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचं सादरीकरण, आणि ध्वनिमुद्रण स्वतः, हे सगळे वेगवेगळ्यांचे असू शकतात. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो. काही देशांत ६०, बऱ्याच देशांत ७०. आणि एक बारकावा: मूकपट स्वतः मुक्त झालेला असला तरी त्याच्या नव्या प्रतीला जोडलेलं पार्श्वसंगीत नवं असतं, आणि त्याचा हक्क जिवंत असतो.

मी काय करायचे ते सांगते. वर्षाचे कार्यक्रम आधी ठरवायचे, हक्क कोणाकडे आहेत त्याची यादी करायची, आणि सगळ्यांना एकदम पत्रं पाठवायची. लघुपट आणि माहितीपट करणाऱ्यांनी मला क्वचितच नकार दिला. बरेचदा ते स्वतः बोलायला आले. मोठ्या चित्रपटांचा परवाना विकत घ्यावा लागला, म्हणून असे चित्रपट वर्षातून तीनच. दर महिन्याला मोठा चित्रपट हवाच असा समितीचा आग्रह असेल तर परवान्याचा खर्च आधी त्यांच्यापुढे ठेवा. त्यावरून आग्रह किती टिकतो ते कळेल.

गाण्याच्या कार्यक्रमाची सुरुवात मैफलीने करू नका, ऐकण्याच्या बैठकीने करा. कलाकार नाही, मंच नाही, फक्त संग्रहातल्या चार-पाच गोष्टी, चांगले स्पीकर आणि पन्नास मिनिटं. माझी ठरलेली पद्धत अशी होती: एक विषय, तो शक्य तितका लहान. ‘जुनी गाणी’ हा विषय होत नाही. ‘एकच चाल, तीन गळे’ हा होतो. ‘तीन मिनिटांत मावलेलं गाणं’ हाही होतो: दहा इंची ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, तेव्हा तास तास गाणारी माणसं तेवढ्या वेळात काय ठेवत आणि काय सोडून देत, हे एकदा कान देऊन ऐकलं की लोक थक्क होतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाआधी दोन मिनिटं बोलायचं, कशाकडे कान द्यायचा तेवढं सांगायचं, आणि वाजताना गप्प बसायचं. निवेदकाने वाजत्या गाण्यावर बोलणं मला सहन होत नाही, आणि ऐकणाऱ्यांनाही होत नाही.

एका बैठकीला मी ७८ची तबकडी खरोखरच टर्नटेबलवर लावली. गाणं रंगात आलं आणि बाजू संपली. सुई शेवटच्या गोल खाचेत फिरत राहिली, खर्र, खर्र. पुढच्या रांगेतली दहा-अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘मग उरलेलं गाणं कुठे आहे?’ मी तबकडी उलटवून दाखवली. बैठक संपल्यावर ती टर्नटेबलपाशी उभी राहिली आणि खाच कुठून सुरू होते, कुठे संपते, ते बोटाने हवेतच मोजत होती. पुढच्या आठवड्यात ती वडिलांना घेऊन आली आणि ऐकण्याचा कोपरा कुठे आहे ते तिनेच त्यांना दाखवलं. हा कोपरा तुम्हीही करा: एक टेबल, एक कॅसेट प्लेअर, एक सीडी प्लेअर, दोन हेडफोन, आणि वर त्या महिन्याच्या बैठकीत वाजलेल्या गोष्टींची यादी दाखल अंकासह. एवढ्यावर आमच्याकडे लोक येऊन ऐकू लागले.

प्रत्यक्ष गाणारे-वाजवणारे बोलवायचे तर कपाटांच्या मधोमध, मायक्रोफोनशिवाय होईल असं काही आधी घ्या. पुस्तकांनी भरलेल्या भिंती आवाज शोषतात आणि विखुरतात, त्यामुळे छोट्या वाद्याला आणि उघड्या गळ्याला ती खोली छान लागते. ढोलाला ती लागत नाही. अभ्यासिका शेजारी असेल तर परीक्षांचे महिने टाळा, आणि वेळापत्रक तीन आठवडे आधी अभ्यासिकेच्या दारावर लावा. माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी चित्रपटांबद्दल आल्या नाहीत. न सांगता सुरू झालेल्या गाण्याबद्दल आल्या, आणि त्या रास्त होत्या.

चित्रपटाचं तंत्र जास्त कडक ठेवावं लागतं. माझ्या तिसऱ्याच खेळाला डिस्क सत्तेचाळिसाव्या मिनिटाला अडकली. मी फक्त पहिली दहा मिनिटं तपासली होती. साठ माणसं वीस मिनिटं अंधारात बसून राहिली आणि अर्धी निघून गेली. त्यानंतर नियम केला: त्याच डिस्कने, त्याच यंत्रावर, आदल्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुढे ढकलत बघायचं नाही. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण जरूर बघा. १९५०च्या दशकाआधीचे चित्रपट जवळपास चौकोनी असतात. रुंद पडदा भरावा म्हणून ते ताणले की माणसं बुटकी आणि जाड दिसतात, आणि दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली म्हणून कोणीतरी ते ताणायला लावतंच. पट्टी राहू द्या. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर जुना चित्रपट मालिकेसारखा दिसतो.

सपाट जमिनीवर खुर्च्या मांडणार असाल तर पडद्याची खालची कड जमिनीपासून सव्वा मीटरच्या वर ठेवा. बसलेल्या माणसाचं डोकं तेवढ्या उंचीवर येतं. उपशीर्षकं तळाशी असतात, आणि मागच्या माणसाला नेमकी तीच दिसत नाहीत. आवाज शेवटच्या रांगेत बसून तपासा, आणि पंखे चालू ठेवून तपासा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, माणसं आली की तो दबतो, म्हणून थोडा वाढवायची तयारी ठेवा. भाषा आपलीच असली तरी मिळत असतील तर उपशीर्षकं लावा. कमी ऐकू येणाऱ्या एका सभासदांनी विनंती केली म्हणून आम्ही ती सुरू केली, आणि नंतर इतरच जास्त जण म्हणाले की आता संवाद कळतात.

मूकपट मिळाला आणि तो हक्कमुक्त असेल, तर स्थानिक वादकांकडून त्याला जिवंत साथ करून घ्या. गाणं आणि चित्रपट एकाच संध्याकाळी येतात आणि लहान मुलं शेवटपर्यंत जागची हलत नाहीत. मूकपट सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या (फ्रेमच्या) आसपास चित्रित झालेले असत. नंतरच्या २४ चौकटींच्या वेगाने ते लावले की माणसं तुरुतुरु धावतात, आणि लोक समजतात तो विनोदच आहे. प्रत निवडताना वेग दुरुस्त केलेली बघा.

इथवरचं थोडक्यात: आधी खोकी दुर्मीळतेप्रमाणे वेगळी करा, एकमेव असलेल्याची नक्कल करा, गाणंनिहाय यादी करा, परवानग्या वर्षाच्या सुरुवातीला मागा, आणि ऐकण्याच्या बैठकीपासून सुरुवात करा. आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा कार्यक्रम.

तिसऱ्या ढिगातल्या ज्या फितींवर काहीच लिहिलेलं नाही, त्यांची एक संध्याकाळ करा. २७ ऑक्टोबर हा दृक्‌श्राव्य वारशाचा जागतिक दिवस आहे, तो निमित्ताला बरा. आम्ही अशा पाच फितींची प्रत्येकी आठ मिनिटं लोकांना ऐकवली आणि प्रत्येकाला कागद दिला: आवाज कोणाचा, जागा कोणती, साल अंदाजे किती, हे कशावरून ओळखलंत. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. एका फितीत व्याख्यान होतं आणि वक्ता कोण ते कोणालाच ओळखता आलं नाही. पण मागे मधूनच एक दार करकरत होतं. ग्रंथालयाच्या जुन्या शिपायांनी लिहिलं, ‘हे आपलंच जुनं मागचं दार, इमारत दुरुस्त होण्याआधीचं.’ जागा कळली, काळ आठ-दहा वर्षांच्या आत आला, आणि मग जुन्या कार्यक्रमांच्या नोंदवहीत वक्ता सापडला. एकट्याने हेडफोन लावून मी ती फीत चारदा ऐकली होती. दार मला ऐकूच आलं नव्हतं.

अशी माहिती आली की कोणी सांगितली, केव्हा सांगितली, तेही तालिकेत लिहा. आणि इथून पुढे तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण करा, कलाकाराची लेखी संमती घेऊन: ग्रंथालयात ऐकवायला चालेल का, इंटरनेटवर ठेवायला चालेल का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारून. एक प्रत कलाकाराला द्या. चिठ्ठीवर पूर्ण तारीख, जागा, सगळी नावं त्याच रात्री लिहा. सकाळी लिहीन म्हटलं की तबलजींचं नाव राहतं.

‘सगळं नेटवर आहे’ हा समितीचा मुद्दा खोटा नाही, अपुरा आहे. स्ट्रीमिंगवरचं शीर्षक परवान्याची मुदत संपली की निघून जातं, आणि ते निघून गेल्याचं कोणी कळवत नाही. विकत घेतलेली डिस्क कपाटात राहते. आणि तिसऱ्या ढिगातलं तर नेटवर कधीच नव्हतं. हे वाद घालून सांगण्यापेक्षा समितीच्या सदस्यांना पहिल्या बैठकीला बोलवा आणि ग्रंथालयाच्याच जुन्या कार्यक्रमाची फीत ऐकवा.

मोजमाप मात्र बदलून घ्या. नुसती उपस्थिती मोजली तर चित्रपट नेहमी जिंकणार आणि ऐकण्याची बैठक वर्षाअखेर बंद पडणार. मी तीन गोष्टी लिहायचे: किती जण आले, त्यांतले पहिल्यांदा किती, आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्या विषयातलं काय काय नेलं किंवा ऐकलं गेलं. विषयाशी जोडलेली पुस्तकं दाराशी टेबलावर मांडायची. नोंद तिथेच व्हायची. बैठकीला अठरा माणसं आणि नंतर तीस वस्तू हलल्या, हा माझ्या लेखी शंभर माणसांच्या चित्रपटापेक्षा चांगला दिवस.

राहिली तुमची तीन रिळं. ती आधी मोजा. ३५ मिलिमीटर रुंद असतील आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची असण्याची शक्यता असेल, तर ती नायट्रेट या जुन्या प्रकारच्या फिल्मची असू शकतात. ती झपाट्याने पेट घेतात. प्रोजेक्टरवर लावू नका, उन्हापासून आणि बाकीच्या संग्रहापासून दूर ठेवा आणि चित्रपट संग्रहालयाला लगेच कळवा. १६ किंवा ८ मिलिमीटर असतील तर तो धोका सहसा नसतो. मग डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचं प्लॅस्टिक म्हणजे अ‍ॅसिटेट कुजायला लागलं आहे, आणि त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. ते रीळ वेगळं करा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, आणि नक्कल करून घेण्याच्या यादीत त्याला सगळ्यांच्या वर घाला. रुंदी आणि वास, दोन्ही कळवा. पुढचं त्यावरून सांगते.